पाचव्याला गप

आमच्या वस्तीत कुणी एखाद्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, की समोरचा हमखास विचारतो, "का रं, पाचव्याला गप का?" पोरं मार्क सांगायला कुचरली की आया हेच विचारतात. सरपंचाला रस्त्याचं विचारल्यावर तो आभाळाकडं बघायला लागला, तर मागून कुणीतरी हेच म्हणतं. लग्न होऊन नव्यानं आलेल्या सुनांना काही दिवस याचा उलगडा होत नाही. मग कुणीतरी त्यांना किसनभाऊंची गोष्ट सांगतं, आणि सांगताना हसतं. मी तिथं असले तर उठून कामाला लागते.

पाचवं म्हणजे पंचशीलातलं पाचवं. दर रविवारी सकाळी आम्ही विहारात वंदना घेतो. मी पुढं बसून एकेक ओळ म्हणते आणि बाकीचे माझ्यामागून म्हणतात. हे काम आधी माझे वडील करायचे. ते थकल्यावर ते माझ्याकडं आलं, कारण माझा गळा बरा आहे आणि पाठांतर चोख आहे. अर्थाचं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, वाकडं वागणार नाही, खोटं बोलणार नाही आणि दारूला शिवणार नाही, असा त्या पाच ओळींचा मतलब सगळेच धरून चालले होते.

किसनभाऊ ओव्हाळ भिंतीला टेकून, खिडकीखाली बसायचे. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, दाढी घोटलेली, केसांना पाणी लावलेलं. जन्मभर रेल्वेच्या रुळावर काम केलेलं. घाटात गाडी आली की लांबच्या माणसाला हाळी द्यायची सवय, त्यामुळं आवाज असा भरदार की विहाराचा पत्रा वाजायचा. पहिली चार शीलं त्यांच्या आवाजावर चालायची. चौथं, खोटं न बोलण्याचं, ते सगळ्यात मोठ्यानं म्हणायचे. मग मी पाचवं सुरू करायची, 'सुरामेरय...' आणि मागून एकदम बायकांचे बारीक आवाज तेवढे ऐकू यायचे. पंखा बंद पडल्यावर घर कसं अचानक गप होतं, तसं व्हायचं. किसनभाऊ ओठ मिटून, हनुवटी वर करून समोरच्या मूर्तीकडं बघत बसलेले असायचे.

माझ्या वडिलांनी एकदा त्यांना विचारलं होतं. किसनभाऊ म्हणाले, "आबा, आत्ता चवथं म्हन्लं, खोटं बोलनार न्हाई म्हनून. लगीच पाचवं म्हन्लं तर चवथ्याचं वाटोळं व्हईल की." वडील यावर किती तरी दिवस खूश होते. पाहुणे आले की सांगायचे, आमचा किसन पितो, पण बुद्धापुढं खोटं बोलत नाही. हळूहळू सगळी वस्तीच तसं सांगायला लागली. खरं तर पाचवं खणखणीत म्हणणाऱ्यांतले निम्मे बाप्ये संध्याकाळी फाट्यावरच्या देशी दारूच्या दुकानात सापडायचे. त्यांचं कुणी काही सांगत नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. किसनभाऊंच्या गप्प बसण्याला मात्र वजन आलं. ते त्यांना कळत होतं. ती वर केलेली हनुवटी मला अजून दिसते.

ते चावीवाले होते. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या धडधडीनं ढिल्या होतात. चावीवाल्यानं रोज सकाळी आपल्या वाट्याचा पट्टा चालत जायचा, ढिली झालेली चावी हातोड्यानं ठोकून बसवायची आणि परत यायचं. त्या पट्ट्याला ते बीट म्हणायचे. त्यांची बीट लोणावळ्याच्या खाली घाटात होती. पावसात, धुक्यात, समोरचा बोगदा दिसत नसतानाही त्यांनी ती कधी चुकवली नाही आणि कामावर कधी प्यायले नाहीत, याची शपथ त्यांचे जोडीदारही घ्यायचे. प्यायचे ते काम संपल्यावर. त्यातही आरडाओरड नाही, शिवीगाळ नाही. ओट्यावर बसून बुटाची नाडी सोडायचा प्रयत्न करायचे, ती सुटली नाही की बुटासकट झोपून जायचे.

कुणाच्याही घरी गेले तरी हात स्वस्थ नसायचा. खुर्चीचा पाय हलवून बघायचे, दाराची बिजागरी चाचपायचे आणि म्हणायचे, "ढिली हाय." माझ्या आईची खाट, विहाराची घंटा, शेजारणीची जीभ, सगळ्यांना हाच शेरा. आईनं एकदा वैतागून विचारलं, "भाऊ, तुमाला घट्ट असं काय दिसतंय का न्हाई?" ते म्हणाले, "काल ठोकलेलं आज ढिलं व्हतंच, वहिनी. त्यात चावीचा दोष न्हाई. गाडी जातीच ना वरून." आणि आईच्या खाटेला पाचर मारून निघून गेले.

त्यांची बायको हौसामावशी मोठी तिखट. किसनभाऊंच्या खरेपणाचं कौतुक तिच्यापुढं केलं की ती फणकारायची, "खरं बोलतोय म्हंजी काय करू त्याचं? लोनचं घालू का?" त्यांना एकच मुलगी, रेखा. शिकलेली, पवनानगरला बँकेत लागलेली. बापावर तिचा जीव होता. लहानपणी बापाच्या बुटाची नाडी तीच सोडायची, हे मी पाहिलेलं आहे.

रेखाचं लग्न कामशेतच्या एका कार्यालयात झालं. मुलगा पवनानगरचा. व्याही चळवळीतले, आयुष्यात सुपारीला न शिवलेले. पांढऱ्या साडीत रेखा गोड दिसत होती. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं, सगळा मांडव हात जोडून उभा. किसनभाऊ मुलीच्या बाजूला, अगदी माईकजवळ. चार शीलं त्यांच्या आवाजात कार्यालयभर घुमली. चौथ्याला तर बाहेर स्वयंपाक करणारे आचारी डोकावले. मग पाचवं आलं आणि माईकमधून नुसती घरघर ऐकू आली.

वस्तीतल्या आम्हाला त्याचं काही नव्हतं. पण नवरदेवाच्या आजीला कमी ऐकू येत असल्यामुळं ती मोठ्यानं बोलायची. ती म्हणाली, "नवरीच्या बापाला पाचवं येत न्हाई व्हय?" पुढच्या रांगा हसल्या. मग तरण्या पोरांना त्यातली गंमत कळली आणि मागच्या रांगाही हसल्या. रेखानं मान खाली घातली ती फुलं उधळून झाली तरी वर केली नाही. व्याह्यांनी घसा खाकरून बौद्धाचार्यांना पुढचं घ्यायला सांगितलं.

पाठवणीच्या आधी रेखानं बापाला बाजूला घेतलं. मी तिची बॅग घेऊन तिथंच उभी होते.

"बाबा, म्हणायचं नव्हतं तर तोंड तरी हलवायचं."

"बुद्धापुढं खोटं कसं बोलू, पोरी?"

"माझ्यासाठी एक दिवस बोलला असता तर काय झालं असतं?"

किसनभाऊ तिथून बाहेर निघून गेले. पाठवणीच्या वेळी ते सापडेनात. गाडी सुटायच्या बेतात आले, तेव्हा पाय ठरत नव्हते. रेखानं गाडीची काच खाली केली आणि अगदी हळू म्हणाली, "पाचवं म्हणता येईल तेव्हा या माझ्या घरी." तिला रडू येत नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. हार घातले, नारळ दिला, हातोडा काढून घेतला. बीट होती तोवर निदान सकाळ त्यांची शुद्धीत जायची. आता सकाळच राहिली नाही. फाट्यावरचं दुकान उघडायच्या आधी ते तिथं जाऊन बसायला लागले. रेखाला मुलगी झाली तेव्हा हौसामावशी बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडंच राहिली. जाताना मला म्हणाली, "सुमन, भाकरी टाकून दे त्यांना कवातरी. मला आता बघवत न्हाई." मी भाकरी द्यायची. कित्येकदा ती दुसऱ्या दिवशी तशीच फडक्यात असायची.

एका रविवारी आम्ही वंदनेला गेलो तर किसनभाऊ विहाराच्या पायरीवर आडवे. अंगात रेल्वेचं, कामावरचं नारिंगी जाकीट आणि पायात एकच बूट. आम्ही साड्या सावरून, पाय उचलून, त्यांना वळसा घालून आत गेलो. दार उघडं होतं. मी वंदना सुरू केली. चार शीलं झाली तरी तो आवाज नव्हता, आणि पाचव्याला सगळ्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच जोर लावला. मीसुद्धा लावला. बाहेर येऊन बघितलं तर ते उठून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं बघून त्यांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली, उघड्या अंगावर कुणी आलं तर माणूस घेईल तशी. मग एका बुटानं घराकडं गेले. त्या सकाळची मला आजही शरम वाटते.

त्या पावसाळ्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाचे तीन महिने एका जागी राहायला, आमच्याकडं एक तरुण भिक्खू, भंते, आले. विदर्भाकडचे, बारीक अंगाचे, चष्मेवाले. रोज संध्याकाळी विहारात प्रवचन. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुम्ही प्रत्येक शीलाच्या शेवटी म्हणता, सिक्खापदं समादियामि. सिक्खापदं म्हणजे काय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीच्या धाग्याकडं बघत बसले. तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, "शिक्षा." किसनभाऊ होते. त्या दिवशी बऱ्यापैकी शुद्धीत होते.

"शिक्षा म्हणजे?" भंतेंनी विचारलं.

"दंड. हे म्हन्लं अन् मोडलं तर जी शिक्षा व्हईल ती कबूल हाय, असं लिवून दिल्यागत."

काही जणांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर आमच्यातल्या बहुतेकांची समजूत याच्या आसपासच होती. भंते हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मराठीत शिक्षा म्हणजे दंड झाला. इथं त्याचा अर्थ शिकणं. आपण शिक्षण म्हणतो ना, ते. आणि पद म्हणजे पाऊल समजा. शिकण्याचं पाऊल. मी दारू पीत नाही, असं यात कुठंही म्हटलेलं नाही. दारूपासून लांब राहायला मी शिकतो आहे, त्यासाठी आज हे पाऊल उचलतो, एवढंच आहे. ज्याला येतं त्यानं रोज कशाला म्हणायचं? ज्याला येत नाही त्याच्यासाठीच ते रोज आहे."

किसनभाऊंनी खिडकीची कडी हलवून बघितली. मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "म्हंजी रोज ठोकायची."

"काय?" भंतेंना कळलं नाही.

"काय न्हाई," किसनभाऊ म्हणाले.

मला वाटलं त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. सगळे गेल्यावर मी सतरंज्या गुंडाळत होते, तर ते दुसरं टोक धरायला आले. चेहरा चांगलाच पडलेला दिसत होता.

"सुमन, इतकी वरसं म्या गप ऱ्हायलो. लोकं म्हनायची किसन खरा मानूस. मला बी ग्वाड वाटायचं."

"होताच की खरे."

"न्हाई गं. खरं सांगू का? म्हन्लं असतं तर सोडावी लागली असती. गप ऱ्हायलं की मोकळं. रविवारी गप बसायचं अन् सांजंला प्यायला जायचं. कुनी इचारायचं न्हाई. पळवाट व्हती ती. अन् तुजा बाप बिचारा पाव्हन्यांना कवतिकानं सांगत बसायचा." सतरंजीची घडी त्यांनी छातीशी धरली होती. "लेकीच्या लग्नात बी तेच केलं. अन् वर तिलाच बुद्धाचं नाव सांगितलं."

मी म्हटलं, "मग आता म्हणा की."

"म्हन्तो. पन पिन्याची लाज व्हती, ती अंगवळनी पडलती. ही नवी हाय. ही कशी काय जिरवायची ते बगू."

पुढच्या रविवारी त्यांनी पाचवं म्हटलं. तो भरदार आवाज त्या ओळीला असा फाटला की माझी लय चुकली. सगळे मागं वळून बघायला लागले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते फाट्यावरून झुलत येताना अर्ध्या वस्तीनं पाहिले. सोमवारी नळावर निकाल लागला, "किसन आता खोटं बी बोलाया लागला." ज्या माणसाला पिऊन पडल्यावरही कुणी हसलं नव्हतं, त्याला आता लोक शुद्धीत असताना हसायला लागले. रविवारी पाचव्याच्या वेळी तरणी पोरं एकमेकांना कोपर मारायची. किसनभाऊंना ते दिसत होतं. त्यांची मान खाली जायची, कान लाल व्हायचे, आणि तरी ते म्हणायचे. पहिली हनुवटी गेली ती गेलीच.

त्यांनी कामशेतच्या लोहाराकडून रेल्वेच्यासारखाच एक हातोडा करून घेतला आणि स्वतःची बीट बांधली. कामावर असताना उठायचे त्याच वेळेला उठायचे, दाढी करायची, नारिंगी जाकीट चढवायचं आणि वस्तीच्या मागून भातखाचरांच्या बांधानं निघायचं. वाटेत त्यांनी ठिकाणं ठरवली होती. विहिरीवरच्या पंपाचा दगड, वाकडा आंबा, ओढ्याच्या मोरीचा कठडा. त्यांना ते चाव्या म्हणायचे. प्रत्येक चावीपाशी थांबायचं, हातोडा हळूच वाजवायचा, पाचवं म्हणायचं आणि पुढं. तिथून बांध पवनानगरच्या रस्त्याला लागतो. तिथं पोचले की रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहायचे आणि मागं फिरायचे.

एकदा मी लाकडं आणायला गेले तेव्हा वाकड्या आंब्याशी भेटले. मी विचारलं, "भाऊ, कायमची सुटली का?"

"कायमचं इचारू नको. आजची दुपारपत्तूरची म्हनलीस तर व्हय."

"आणि दुपारनंतर?"

"दुपारी दुपारची चावी. रूळ सगळा कुटं दिसतोय, पोरी? बीट दिसती तेवढी चालायची." मग थोडं थांबून म्हणाले, "रेखाच्या उंबऱ्यात पाय ठेवायचाय. ते लांबचं ठेसन हाय. तिकडं बगत चाललं की ठेच लागती."

ठेच लागायचीच. अधूनमधून ते घसरायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नारिंगी जाकीट बांधावर दिसायचं, आणि अशा सकाळी आवाज जरा जास्त मोठा असायचा. एक गोष्ट मात्र कुणाला उमजत नव्हती. वस्तीतून भाड्यानं माणसं नेणाऱ्या जीपमध्ये ते बसायचे नाहीत. कामशेतला जायचं असो, लोणावळ्याला पेन्शनीच्या कामाला जायचं असो, बांधानं आडवाटेनं चालत जायचे आणि पार पुढं रस्त्याला लागून एसटीला हात करायचे. वस्तीनं ठरवून टाकलं की म्हातारा चिकट झाला. मीही तेच धरून चालले होते. औषधांच्या दुकानात काम करते मी, गोळ्यांचं पाकीट तोडून अर्धंच मागणारे पुष्कळ बघते, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही.

मग बुद्ध पौर्णिमा आली. त्या दिवशी आम्ही सगळे वर बेडशाच्या लेण्यात वंदना घेतो. आसपासच्या गावांतली, पवनानगरची माणसंही येतात. हौसामावशीनं निरोप धाडला होता की रेखा येणार आहे, पोरीला घेऊन. किसनभाऊंनी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून घेतली. आणि पौर्णिमेच्या दोन दिवस आधी शेजारच्या हळदीत, सगळ्या गावादेखत, मांडवात पडले. हळदीच्या ताटासकट. कुणीतरी त्याचं चित्रण केलं आणि ते मोबाईलवर पवनानगरपर्यंत गेलं.

मला वाटलं आता ते वर येणार नाहीत. सकाळी पायऱ्या चढताना मागं बघितलं तर येत होते. सगळ्यांच्या मागं, एकटे. कानामागं अजून हळद राहिली होती.

लेण्याच्या तोंडाशी दोन कातळांमधून अरुंद वाट आहे. तिथून आत गेलं की उंच खांब लागतात, आणि त्यांच्यामागं चैत्य. आतला गारवा, वटवाघळांचा वास, मेणबत्त्या. रेखा खांबाशी मुलीला कडेवर घेऊन उभी होती, बाजूला हौसामावशी. किसनभाऊ आत शिरताना रेखानं पोरीचं झबलं नीट करायला घेतलं. ते तिच्याजवळ गेले नाहीत. मागं, भिंतीला लागून बसले.

लेण्यात आवाज घुमून परत येतो, म्हणून मी प्रत्येक ओळीनंतर थांबते. चार शीलं झाली. किसनभाऊ म्हणत होते, पण बाकीच्यांच्या खाली, कळेल न कळेल असं. मी पाचवं उच्चारलं. मला त्या क्षणी मनापासून वाटलं की आज त्यांनी गप्प बसावं. आज गप्प बसले तर कुणी नाव ठेवणार नव्हतं. उलट जुना किसन परत आला म्हणाले असते.

त्यांनी म्हटलं. मान इतकी खाली की हनुवटी छातीला लागलेली, पण आवाज तोच, घाटात हाळी देणारा. सबंध ओळ, शेवटच्या अक्षरापर्यंत. तरण्या पोरांतून कुणीतरी फिसकन हसलं. कातळानं त्यांचा आवाज परत दिला आणि त्याच्यामागून ते हसणंही परत दिलं. मी पुढची ओळ घ्यायची विसरले. हौसामावशीनं पदर तोंडाला लावला होता.

वंदनेनंतर बाहेर खीर वाटायला सुरुवात झाली. रेखा वाटत होती, मी द्रोण देत होते. किसनभाऊ रांगेत सगळ्यांत शेवटी आले. रेखानं वर न बघता विचारलं, "परवा पडला होता म्हणे हळदीत."

"व्हय."

"मग आज कशाला म्हणालात? सगळे हसत होते."

"परवा पडलो म्हनूनच."

रेखानं पळी पातेल्यात बुडवली आणि तशीच धरून ठेवली. लहानगी आजोबांच्या कानामागच्या हळदीकडं बोट दाखवत होती. मग रेखानं खीर वाढली, द्रोण काठोकाठ भरला.

"रविवारी घरी या. जीपनं या, उन्हाचं चालत नका येऊ."

"जीपनं न्हाई येत, पोरी."

रेखाचा पारा चढला. "एवढी पेन्शन राखून काय करायचंय हो?"

किसनभाऊंनी द्रोणाकडं बघितलं. मग माझ्याकडं, आणि मी तिथून हलावं असं त्यांना वाटत असणार, पण माझ्या हातात द्रोण होते. ते इतक्या हळू बोलले की रेखाला वाकावं लागलं.

"फाट्याला जीप भरस्तवर हुबी ऱ्हाती. दुकानाम्होरं. तेवढा येळ मला अजून जमत न्हाई."

मी द्रोण मोजत असल्याचं सोंग केलं. इतकी वर्षं रोज त्याच जीपमध्ये, त्याच दुकानासमोर मी बसत आले होते आणि त्या माणसाला चिकट समजत होते. रेखानं पळी खाली ठेवली. मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मग सकाळी लवकर निघा. ऊन व्हायच्या आत."

ते त्या रविवारी गेले आणि रेखानं त्यांना परत येऊ दिलं नाही. पावसाळ्यात तिथंच काविळीनं वारले. मधे एकदा घसरले होते, असं हौसामावशी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या धरणाच्या रस्त्याला उभं राहून मोठ्यानं पाचवं म्हणत होते, येणारे-जाणारे बघत होते, आणि नात त्यांचं बोट धरून तिला येईल तसं म्हणत होती.

मी मात्र त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच रविवारी सकाळी. वंदना त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची होती, कारण मला लोणावळ्याला औषधांच्या दुकानात दुसऱ्याच्या जागी जायचं होतं. वस्तीतून निघालेली जीप फाट्यावर येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरून कामशेत, कामशेत ओरडायला लागला. समोर दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि आत कुणीतरी झाडत होतं. लांब, खाचरांच्या पलीकडं, बांधावरून नारिंगी जाकीट चाललं होतं. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात नातीसाठी काहीतरी घेतलेली पिशवी. मोरीपाशी ते थांबले, वाकले, सरळ झाले. इतक्या लांबून ओठ दिसत नव्हते. ड्रायव्हरनंही त्यांना बघितलं, हॉर्न वाजवला आणि हात केला. त्यांनी मान न वळवता हातोड्यानंच नको म्हणून खूण केली.

"चिकट म्हातारा," जीपमधलं कुणीतरी म्हणालं.

"चिकट नाहीत ते," मी म्हटलं. का नाहीत, ते सांगायचा मला अधिकार नव्हता. अजून दोन माणसं यायची होती. जीप भरेपर्यंत आम्ही दुकानासमोर उभे होतो, आणि ती भरली तोवर किसनभाऊ पवनानगरच्या रस्त्याला लागून दिसेनासे झाले होते.